ऐनाच्या रानातला टसर

फेब्रुवारी सरत आला की गडचिरोली-चंद्रपूरच्या रानातला ऐन पानं गाळू लागतो. झाड उघडं पडतं आणि एरवी पानांआड लपलेल्या वस्तू दिसायला लागतात. एखाद्या बारीक फांदीवर कोंबडीच्या अंड्याहून जरा लहान, पिवळट किंवा करड्या रंगाचं, देठाला लटकलेलं एक फळ दिसतं. पण ऐनाच्या फळाला पाच पंख असतात आणि याला एकही नाही. देठ तोडू गेलात तर तो तुटत नाही. कवच नखाने दबत नाही. कानाशी नेऊन हलवलं, तर आत काहीतरी जड वस्तू हलल्याचा आवाज येतो.

हा कोसा. टसर पतंगाचा कोष. वरचं कवच निखळ रेशमाचं आहे आणि आत एक जीव पावसाची वाट बघत निपचित पडला आहे.

रेशीम म्हटलं की आपल्याला तुतीचा रेशीमकिडा आठवतो. चीनमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने तो पाळीव केला आणि आज त्याचं सगळं आयुष्य ट्रेमध्ये जातं. त्याच्या पतंगाला उडता येत नाही, अळीला अन्न शोधत भटकता येत नाही. टसर पतंग त्याच्या अगदी उलट आहे. त्याच्यापासून रेशीम आपणही हजारो वर्षं काढत आलो, पण त्याला घरात आणणं काही माणसाला जमलं नाही. टसर हवा असेल तर माणसालाच रानात जावं लागतं. असं का, हे समजण्यासाठी या पतंगाचं वर्ष आणि ऐनाच्या झाडाचं वर्ष एकमेकांशेजारी ठेवून पाहायला हवं.

चार डोळ्यांचा पतंग

टसर पतंगाचं शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. ड्रू ड्रुरी या इंग्रज कीटकसंग्राहकाने 1773 मध्ये त्याचं वर्णन केलं. ॲटलास पतंग आणि फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा चंद्रपतंग हेही याच कुळातले. आसामचं सोनेरी मुगा रेशीम देणारा पतंग तर त्याचा अगदी जवळचा, एकाच प्रजातीसमूहातला भाऊबंद.

पंख पसरलेली टसराची मादी सहज पंधरा ते अठरा सेंटिमीटर भरते. नर थोडा लहान असतो. दोघांचे रंग इतके वेगळे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे दोन वेगळे पतंग वाटावेत. नर विटकरी किंवा तांबूस तपकिरी, मादी पिवळी किंवा राखाडी. नराच्या पुढच्या पंखांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात, पोट निमुळतं असतं. मादीचं पोट अंड्यांनी भरलेलं, गलेलठ्ठ.

चारही पंखांवर मधोमध एकेक वाटोळा डोळा असतो. हा डोळा नुसता रंगवलेला नाही. पतंगाच्या पंखांवर एरवी सूक्ष्म खवल्यांचं आच्छादन असतं. ते खवलेच रंग देतात, आणि पतंग हाताळल्यावर बोटांना लागणारी भुकटीही तीच. डोळ्याच्या मध्यभागी मात्र खवले नसतात. तिथे पंखाचा उघडा, काचेसारखा पारदर्शक पडदा तेवढा उरतो आणि त्याभोवती रंगीत कडी असतात. बसलेल्या पतंगाला डिवचलं की तो पंख झटकन उघडतो आणि एकदम चार डोळे वटारले जातात. एखादा पक्षी क्षणभर जरी दचकला, तरी निसटायला तेवढा अवधी पुरतो.

नर-मादी ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे मिशा. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद, दोन्ही बाजूंना दाट दाते असलेल्या. मादीच्या अरुंद. हा फरक शोभेचा नाही, नराचं सगळं आयुष्य त्या मिशांवर चालतं. ते कसं, हे पुढे येईलच.

आणि तोंड? ते जवळजवळ नाहीच. फुलपाखराला मध शोषण्यासाठी सोंड असते. टसराची सोंड खुरटलेली, निरुपयोगी आहे. पतंग झाल्यावर तो काही खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर त्याला पुढचे आठ-दहा दिवस काढायचे असतात. नर बहुधा त्याआधीच संपतो.

कुठलं रान

टसर हा पानझडी जंगलाचा पतंग आहे. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, तेलंगण, मध्य प्रदेश आणि आपला पूर्व विदर्भ अशी मध्य भारताची सलग पट्टी हे त्याचं मुख्य घर. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे टसराचे.

अळीची पहिली पसंती तीन झाडांना: ऐन, अर्जुन आणि साल. आपल्याकडे सालाची जंगलं नाहीत, त्यामुळे मदार ऐन आणि अर्जुनावर. ऐन डोंगरउतारावर आणि सपाट रानात सापडतो. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली काळपट साल ही त्याची खूण. अर्जुनाला नदी-नाल्यांचे काठ आवडतात आणि त्याची साल गुळगुळीत, पांढुरकी असते. दोन्ही झाडं एकाच कुळातली. बोर, धावडा, जांभूळ यांची पानंही अळी खाते, पण वाढ ऐन-अर्जुनावर होते तशी होत नाही.

इतक्या मोठ्या प्रदेशात पसरलेला पतंग सगळीकडे सारखा राहिलेला नाही. उंची, पाऊस आणि मिळणारं झाड यांप्रमाणे त्याचे चाळीसहून अधिक स्थानिक वाण अभ्यासकांनी नोंदवले आहेत. बस्तरच्या सालवनातला रैली, ओडिशातल्या सिमलीपालचा मोदल, झारखंडचा डाबा हे त्यांतले प्रसिद्ध. आपला भंडारा वाण ऐनावर वाढतो आणि वर्षाला तीन पिढ्या पुऱ्या करतो. डाबाच्या दोन होतात, तर डोंगराळ, थंड भागातले काही वाण एकाच पिढीवर वर्ष काढतात. झाडावर कोवळी पानं किती महिने टिकतात, त्यावर हा हिशेब ठरतो.

अंडं आणि अळी

मृगाचा पाऊस पडून ऐन पालवला की पहिली पिढी सुरू होते. मिलनानंतर मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते, त्यांतली बरीचशी पहिल्या तीन रात्रींतच. अंडं चपटं, लंबगोल, जेमतेम तीन मिलिमीटरचं, आणि त्यावर दोन तपकिरी पट्टे असतात. आठ-दहा दिवसांनी पहाटेच्या सुमाराला त्यातून मळकट पिवळ्या अंगाची, काळ्या डोक्याची इवलीशी अळी बाहेर पडते. बऱ्याचदा तिचं पहिलं खाणं म्हणजे तिच्याच अंड्याचं टरफल.

त्यानंतर तिला एकच काम असतं, पान खाणं. त्वचा ताणू शकेल तितकी वाढ झाली की ती एखाद दिवस स्तब्ध होते, कात टाकते आणि पुन्हा खायला लागते. अशी चार वेळा कात टाकून ती पाचव्या अवस्थेत येते. पहिल्या कातीनंतर मळकट अळी हिरवी झालेली असते. हा हिरवा रंग दोन रंगांच्या मिश्रणातून होतो. पिवळा भाग पानांतल्या कॅरोटिन गटातल्या द्रव्यांचा, निळा भाग अळीच्या शरीरातल्या रंगद्रव्याचा. म्हणूनच अधूनमधून निळ्या, पिवळ्या किंवा बदामी अळ्याही सापडतात.

पूर्ण वाढलेली अळी दहा ते तेरा सेंटिमीटर लांब आणि माणसाच्या अंगठ्याहून जाड होते. वजन चाळीस-पन्नास ग्रॅम. अंड्यातून निघाली तेव्हा ती काही मिलिग्रॅमची होती, म्हणजे महिना-सव्वा महिन्यात तिने आपलं वजन काही हजार पटींनी वाढवलं. पावसाळी पिढीला याला तीस ते चाळीस दिवस लागतात. थंडीकडे झुकलेल्या पिढीत हाच काळ दोन महिन्यांपर्यंत लांबतो. एकूण पाल्याचा मोठा वाटा पाचव्या अवस्थेतच फस्त होतो. फांदीवरची पानं संपली की अळी दुसऱ्या फांदीकडे निघते. पोटाखालच्या पाच जोड पायांना आकडे असतात आणि त्यांची पकड अशी की बळजबरीने ओढलं तर अळी फाटेल, पण फांदी सोडणार नाही.

एवढी मोठी अळी झाडावर सहज दिसेल असं वाटतं, पण पानांच्या हिरव्यात ती बेमालूम मिसळते. जाणकार माणूस वर बघण्याआधी झाडाखाली बघतो. जमिनीवर ताज्या लेंड्या दिसल्या की वर अळी आहे हे पक्कं.

फांदीला बांधलेलं घर

पाचव्या अवस्थेच्या शेवटी अळी खाणं थांबवते आणि पोट रिकामं करते. मग ती फांदीच्या टोकाकडची दोन-तीन पानं रेशमाने ओढून त्यांचा झोळीसारखा आडोसा करते. तुतीचा किडा इथेच कोष विणायला बसेल. टसराची अळी आधी आडोशातून बाहेर येते आणि फांदीभोवती रेशमाची एक घट्ट कडी घालते. कडीपासून आडोशापर्यंत जाड देठ बनवते आणि मगच आत जाऊन कोसा विणते.

हा उद्योग कशासाठी, ते ऐनाचं वर्ष आठवलं की कळतं. कोसा नुसता पानाला चिकटलेला असता, तर फेब्रुवारीत पानाबरोबर जमिनीवर पडला असता. खाली मुंग्या आहेत, उंदीर आहेत आणि उन्हाळ्यात वणवा आहे. फांदीला कडी घातलेला कोसा पानं गळून गेली तरी जागेवर लटकत राहतो. पानझडी जंगलात हजारो पिढ्या काढलेल्या जीवाचं हे उत्तर आहे.

रेशीम येतं ते अळीच्या दोन लांब ग्रंथींमधून. दोन्हींतला द्रव ओठाखालच्या एका छिद्रातून बाहेर पडतो आणि ओढ बसताच घट्ट होतो. त्यामुळे प्रत्येक धाग्यात दोन तंतू असतात, सेरिसिन नावाच्या चिकट द्रव्याने जोडलेले. अळी डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत चार-सहा दिवस अखंड विणते. मधे एकदा ती पांढुरका द्रव सोडून कवचाला आतून लेप देते. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांनी आणि पानातून आलेल्या टॅनिनांनी कवच टणक होतं.

या कवचाची ताकद आपल्याकडच्या लोकांना चांगली ठाऊक होती. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खन पालथं घालणाऱ्या कर्नल साइक्सने 1830 च्या दशकात दख्खनच्या ‘कोलिसुरा’ रेशीमकिड्यावर एक लेख लिहिला. कोसा गोल कापून त्याची वादी काढायची आणि तोड्याच्या बंदुकीची नळी तिने दस्त्याला आवळायची, ही मराठ्यांची पद्धत त्यात नोंदलेली आहे. चामड्याच्या वादीपेक्षा ती जास्त टिकत असे.

सहा महिन्यांची झोप

कोशाच्या आत अळी शेवटची कात टाकते आणि तपकिरी, बिनहाताचा-बिनपायाचा कोशित बनते. पावसाळी पिढीतला कोशित तीनेक आठवड्यांत पतंग होऊन बाहेर येतो. हिवाळ्याच्या तोंडावर तयार झालेला कोशित मात्र वाढ थांबवतो. त्याचा श्वास मंद होतो, चरबी जपून वापरली जाते. डिसेंबर-जानेवारीपासून जूनपर्यंत तो असाच राहतो. बाहेर जानेवारीची थंडी पडते, पानं गळतात, मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. कोशिताला पाणी मिळत नाही, त्यामुळे असलेलं पाणी उडू न देणं हे कवचाचं सर्वांत मोठं काम ठरतं.

बंद कोशात पडलेल्या जीवाला ऋतू कसे कळतात? या कोड्यावरचं गाजलेलं काम टसराच्या चिनी चुलतभावावर, ओक झाडावर वाढणाऱ्या अँथेरिया पर्नायीवर झालं. कॅरोल विल्यम्स आणि पेरी ॲडकिसन यांनी 1964 मध्ये दाखवलं, की कोशिताच्या डोक्यावर मेंदूच्या वरचा भाग पारदर्शक असतो आणि कोशातून झिरपणारा प्रकाश तिथून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. दिवस लांबले की मेंदू संप्रेरक सोडतो आणि झोप मोडते. आपल्या टसरात दिवसाच्या लांबीबरोबर तापमान आणि हवेतला ओलावाही मोजला जातो. लांब दिवस एप्रिलमध्येही असतात, पण तेव्हा बाहेर येऊन उपयोग नाही, कारण अळ्यांना खायला पालवी हवी.

एका आठवड्याचं आयुष्य

पाऊस लागला की एखाद्या संध्याकाळी कोशाचं देठाकडचं टोक ओलं दिसतं. आतला पतंग तोंडातून एक द्रव सोडतो. कोकूनेज हे त्यातलं विकर धाग्यांना जोडणारं सेरिसिन विरघळवतं. फोटिस काफाटोस आणि विल्यम्स यांनी याच प्रजातीसमूहातल्या पतंगांवर काम करून 1964 मध्ये ते वेगळं केलं होतं. पतंग धागे कुरतडत नाही, कारण दातच नाहीत. तो मोकळे झालेले तंतू बाजूला सारून बाहेर येतो, ओलसर, चुरगळलेले पंख लोंबते ठेवून फांदीला लटकतो, आणि पंखांच्या शिरांमध्ये द्रव भरून ते ताठ होईपर्यंत तसाच राहतो.

मादी पहिल्या रात्री फार लांब जात नाही. पोटाच्या टोकाशी असलेली ग्रंथी उघडून ती वाऱ्यावर गंध सोडते. माणसाच्या नाकाला तो कळत नाही. नराच्या पिसासारख्या मिशांवर मात्र हजारो संवेदी केस असतात आणि ते या एकाच गंधासाठी घडलेले असतात. अंधाऱ्या रानात तो वाऱ्याविरुद्ध उडत गंधाचा माग काढतो. जोडी जमली की मिलन बरेच तास चालतं, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यानंतर मादीने अंडी घातली की चक्र पुन्हा सुरू.

अडीचशे अंड्यांमधून रानात थोडेच पतंग तयार होतात. लहान अळ्यांना मुंग्या, ढेकणासारखे शिकारी कीटक आणि प्रार्थनाकीटक टिपतात. मोठ्या अळ्यांवर पक्षी टपलेले असतात. उझी माशी अळीच्या कातडीवर अंडं घालते, तिची अळी टसराच्या अळीत शिरून तिला आतून खाते. पिवळी गांधीलमाशी तर टणक कोसाही भेदून आतल्या कोशितात अंडं घालते. शिवाय पेब्रिन हा रोग आहे, जो आईकडून अंड्यात उतरतो. फ्रान्समधल्या तुतीच्या किड्यांवरच्या या रोगाचा छडा लुई पाश्चरने 1860 च्या दशकात लावला. अंडी घातलेली मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि रोगाचे बीजाणू दिसले तर तिची अंडी फेकून द्यायची, हा त्याचा उपाय. टसराचे अंडीपुंज आजही याच पद्धतीने पारखले जातात.

माणसाचा वाटा

या रेशमाशी आपली ओळख किती जुनी? हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या दागिन्यांमध्ये अडकलेले धागे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. ते रानरेशमाचे निघाले. काळ इसवी सनापूर्वी सुमारे 2450 ते 2000. महाराष्ट्रात नेवासे इथल्या ताम्रपाषाणयुगीन दफनातही तांब्याचे मणी रेशीम-कापसाच्या धाग्यात ओवलेले मिळाले आहेत.

आज पूर्व विदर्भात टसर वाढवणारे मुख्यतः ढिवर समाजातले लोक. मासेमारी हा त्यांचा परंपरागत व्यवसाय, आणि पावसाळा-हिवाळ्यात ऐनाच्या रानात टसर. अंडीपुंज आणायचे, अळ्या फुटल्या की झाडांवर सोडायच्या आणि राखण करायची. पाखरं हाकलायची, मुंग्या आवरायच्या, पानं संपलेल्या झाडावरच्या अळ्या फांदीसकट कापून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. महिना-दोन महिने माणूस रानातच मुक्काम ठोकतो. गडचिरोलीतलं आरमोरी हे या कामाचं जुनं केंद्र.

पतंग बाहेर पडला की धागा तुटक होतो, म्हणून बहुतेक कोशांतला जीव ऊन किंवा वाफ देऊन आधीच मारतात. पुढच्या पिढीसाठी चांगले कोसे बाजूला ठेवतात. टणक कवच मऊ करायला ते सोड्याच्या पाण्यात शिजवावं लागतं. पूर्वी बायका हा धागा उघड्या मांडीवर वळत आणि मांडीची कातडी सोलून निघे. आता ते काम यंत्रांवर येतं आहे. भंडाऱ्याजवळच्या मोहाडी, आंधळगाव भागात कोष्टी विणकर या धाग्याची करवतकाठी साडी विणतात. करवतीच्या दात्यांसारखा काठ ही तिची ओळख. टसराचा मधाळ रंग मुळात धाग्याचाच असतो आणि तो सहजी दुसरा रंग घेत नाही. इंग्लंडमधल्या लीक गावच्या टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याने एकोणिसाव्या शतकात अनेक वर्षं खपून त्यावर रंग चढवण्याच्या रीती बसवल्या, आणि 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात टसर युरोपच्या नजरेत भरलं.

1964 पासून रांचीजवळ केंद्र सरकारची टसर संशोधन संस्था काम करते आहे. चांगले वाण, रोगमुक्त अंडी, अर्जुनाची लागवड यांत तिथे बरंच झालं. तरीही अळी आजही झाडावरच वाढते. कडी घालायला फांदी हवी, खायला ऋतूचा पाला हवा, जागं व्हायला पाऊस हवा, आणि या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या रानातच.

म्हणून टसर वाचवण्याचा उपाय कारखान्यात सापडणार नाही. ऐन हे चांगल्या इमारती लाकडाचं झाड आहे. त्याच्यावर कुऱ्हाड लवकर पडते आणि त्या जागी एकसुरी सागाची लागवड होते. सागाच्या पानावर टसराची अळी जगत नाही. ढिवर पाळकाची मजुरी, कोष्ट्याचा माग आणि आपल्या कपाटातली करवतकाठी या सगळ्यांची किंमत शेवटी उभ्या ऐनावर आणि नाल्याकाठच्या अर्जुनावर ठरते. टसर टिकावं असं ज्याला वाटतं, त्याने साडी घेताना धाग्याची चौकशी करावीच, पण त्याआधी आपल्या भागातल्या ऐनाची चौकशी करावी.